दीडशेच्या तिकिटातले निर्मात्याचे 54 रुपये

सिनेमात पैसे घालायला निघालेल्या जळगाव-धुळ्याकडच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बजेट किती आणि गल्ला किती? या दोन आकड्यांवरून नफा कळत नाही. मधे काय काय वजा होतं आणि कोणत्या क्रमाने, यावर सगळं ठरतं.

जळगावच्या मल्टिप्लेक्सचं 150 रुपयांचं तिकीट घ्या. शंभरावरच्या तिकिटाला 18 टक्के जीएसटी, म्हणजे 22.88 रुपये आधीच गेले. उरलेले 127.12 म्हणजे 'नेट'. पेपरात येणारा 'ग्रॉस' आकडा कर धरून असतो, म्हणून कुणी कोटींचे आकडे सांगायला लागलं की आधी ग्रॉस की नेट, ते विचारा. नेट थिएटर आणि वितरक यांच्यात वाटलं जातं, आणि त्यातला वितरकाचा वाटा आठवड्यागणिक उतरतो. 2009 साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचा वाद मिटला, तेव्हा हिंदी सिनेमासाठी पहिल्या आठवड्याला 50, दुसऱ्याला 42.5, तिसऱ्याला 37.5 आणि पुढे 30 टक्के असा वाटा ठरला. त्या हिशोबाने पहिल्या आठवड्यात वितरकाकडे 63.56 रुपये येतात. त्याचं कमिशन 15 टक्के धरलं, तर 9.53 वजा जाऊन निर्मात्याचे राहतात 54.03. जाहिरात आणि दर पडद्यामागची डिजिटल प्रक्षेपणाची फी अजून यातूनच जायची आहे. पॉपकॉर्नचा पैसा थिएटरचा. ऑनलाइन बुकिंगचं जादा शुल्क या हिशोबात येतच नाही.

केळीची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, हातात आली की जाणता शेतकरी नुसता भाव बघत नाही, खालच्या वजावटी वाचतो. वितरकाचं स्टेटमेंटही तसंच वाचायला हवं.

आता उलटा हिशोब करू. सिनेमा दीड कोटीत बनला, प्रसिद्धीला 50 लाख लागले. सगळे आठवडे मिळून वाटा सरासरी 45 टक्के आणि कमिशन 15 टक्के धरलं, तर नेटच्या सव्वाअडतीस टक्के रक्कम निर्मात्याकडे येते. दोन कोटी परत यायला 5 कोटी 23 लाखांचं नेट लागेल, म्हणजे 6 कोटी 17 लाखांची तिकिटं खपायला हवीत. यात व्याज नाही. महिना दोन टक्क्यांनी उचललेले दीड कोटी प्रदर्शन रखडल्यामुळे वर्षभर अडकले, तर 36 लाख नुसत्या व्याजाचे होतात. छोटे सिनेमे मला इथेच बुडताना दिसतात. पडद्यावर काय आहे याचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो.

वितरकाशी करार मुख्यतः तीन तऱ्हेचे. कमिशनवर दिला तर जोखीम सगळी निर्मात्याची. ॲडव्हान्स घेतला आणि सिनेमा पडला तर तो परत द्यावा लागतो. एमजी, म्हणजे मिनिमम गॅरंटी, परत द्यावी लागत नाही. वितरक आधी एमजी, खर्च आणि आपलं कमिशन वसूल करतो आणि वरचा 'ओव्हरफ्लो' वाटला जातो. भुसावळला वितरक आणि थिएटरवाल्यांच्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या संघटनेचं मुख्य ठाणं आहे, त्यामुळे हे शब्द इथे नवे नाहीत. तरीही ॲडव्हान्स आणि एमजी यांची गल्लत सर्रास होते. करारात 'परत न करण्याजोगी' असे शब्द नसतील, तर ती रक्कम खर्चून टाकू नका. सिंगल स्क्रीनला टक्क्यांऐवजी आठवड्याचं ठरीव भाडंही असतं. रिकाम्या खुर्च्यांचा भार मग निर्माता-वितरकावर पडतो. डीसीआर, म्हणजे रोजचा कलेक्शन रिपोर्ट, त्याच रात्री मागून घ्यावा आणि शो, दर, विकलेली तिकिटं हे तिन्ही रकाने बुकिंग ॲपवरच्या सीटशी ताडून बघावेत.

शूटिंगच्या खर्चाचा तक्ता बहुतेक जण दोनच रकान्यांचा ठेवतात: बजेट आणि झालेला खर्च. हे पुरत नाही. कबूल केलेली पण न दिलेली रक्कम आणि 'अजून लागणार' हे आणखी दोन रकाने रोज भरायला हवेत, नाहीतर तूट शेवटच्या आठवड्यात कळते आणि तेव्हा हातात काही उरत नाही. किरकोळ रोखीत सगळ्यात जास्त गळती डिझेलची. जनरेटर सुरू आणि बंद करताना तासांचं मीटर वहीत लिहा, डिझेल भरलं की लिटर लिहा. तासाला किती लिटर जातं ते दोन-तीन दिवसांत स्थिर होतं. पुढे तो आकडा अचानक चढला, तर त्याच दिवशी विचारा. मे महिन्यात इकडे पारा 45 च्या पुढे जातो, दुपारचं काम बंद पडतं आणि 20 दिवसांचं शूटिंग सहज 25 वर जातं. किमान 10 टक्के रक्कम अशा गोष्टींसाठी बाजूला हवीच.

मानधनाऐवजी 'नफ्यात वाटा' घेणाऱ्या लेखक-कलाकारांनी पॅरामाउंट या हॉलिवूड स्टुडिओवरचा खटला समजून घ्यावा. 'कमिंग टू अमेरिका' हा 1988 चा सिनेमा. जगभरची कमाई 28 कोटी डॉलरच्या वर, आणि स्टुडिओच्या वहीत निव्वळ नफा शून्य. वितरण फी, जाहिरातीवर 10 टक्के ओव्हरहेड (म्हणजे स्टुडिओच्या कार्यालयीन खर्चापोटी ठोक आकारणी), निर्मितीखर्चावर 15 टक्के ओव्हरहेड आणि वर व्याज, असं सगळं करारातच लिहिलेलं होतं. ज्यांच्या कथाकल्पनेवरून हा सिनेमा निघाला, ते लेखक आर्ट बुकवाल्ड कोर्टात गेले. 1990 साली कोर्टाने हे सूत्र अन्याय्य ठरवलं. ओव्हरहेडचा प्रत्यक्ष खर्चाशी मेळच बसत नव्हता.

म्हणून वाटा मागायचा तर वरून मागावा, वितरकाकडून आलेल्या रकमेवर. ते जमत नसेल, तर कमिशन आणि ओव्हरहेडला कमाल मर्यादा, ठरावीक नेटनंतर ठरावीक बोनस आणि वह्या तपासण्याचा हक्क, हे तिन्ही करारात घालून घ्या. निर्मात्याने प्रदर्शनाची तारीखही कराच्या दृष्टीने बघावी. प्राप्तिकराच्या नियमांप्रमाणे सिनेमा आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान 90 दिवस आधी लागला, तर निर्मितीचा सगळा खर्च त्याच वर्षी वजा होतो. जानेवारी ते मार्चमध्ये लागला, तर त्या वर्षी सिनेमातून आलेल्या उत्पन्नाएवढाच. उरलेला पुढच्या वर्षी.