पत्रिका, वजाबाकी आणि आमची शाळा

रविवार, ८ जून २०२५, रात्री साडेदहा

आज पण ठरलं नाही. १६ तारखेला शाळा सुरू होतेय आणि चिऊ तिसरीला गावातल्याच जि.प. शाळेत जाणार की तालुक्याच्या रस्त्यावरच्या इंग्लिश मिडियमला, ते अजून आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाहीये. काल त्या शाळेची माणसं परत येऊन गेली, हातात गुळगुळीत पॅम्प्लेट, वर्षाची फी २४ हजार आणि व्हॅनचे महिन्याला ८०० वेगळे. हे म्हणाले, दोन हप्त्यात भरू, दुधाच्या बिलातून काढू. मी काहीच बोलले नाही.

गुरुवारपासून माझं डोकं दुसरीकडंच आहे. पाहुण्यांकडची लग्नपत्रिका आली होती, चिऊला म्हणलं वाच बघू. खाली "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" असतं ना, ते तिनं धडाधड वाचलं, ती ओळ पोरांना पाठच असते. पण वर "श्री कुलस्वामिनी प्रसन्न" ला थांबली. कु झालं, ल झालं, पुढं बोट जागेवरच. 'स्वा' कसं फोडायचं तेच तिला कळेना. मी मुद्दाम सांगितलं नाही, ती बोट त्या अक्षरावर ठेवून नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग पाटीवर वजाबाकी घातली, ५२ वजा १७. तिनं ४५ लिहिलं. दोनातून सात जात नाहीत म्हणून सरळ सातातून दोन काढले, दशक सुटा करायचा असतो हे तिला दुसरीचं वर्ष संपलं तरी माहीत नाही. पोरगी हुशार आहे हो, डेअरीत किती लिटर घातलं आणि फॅट किती लागली ते मला रोज न चुकता सांगते.

जाऊबाईंचा मुलगा तिच्याच वयाचा, त्याच इंग्लिश मिडियमला जातो. त्यानं ३५ बरोबर लिहिलं. मला लागलं ते, खोटं कशाला बोलू. पत्रिका मात्र त्याला एक ओळ वाचता आली नाही, आणि इंग्रजीचा धडा त्यानं घडाघडा म्हणला तरी मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं तर त्याला धडा पहिल्यापासून म्हणत यावं लागलं. म्हणजे २४ हजार भरून पाठांतर येतं, वाचता येतंच असं नाही. हे मी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, निदान तिथं प्रत्येक वर्गाला बाई तरी आहे. याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

कारण आमच्याकडं नाही. पहिली ते चौथी मिळून गेल्या वर्षी ३८ पोरं. आरटीई म्हणजे शिक्षण हक्काच्या कायद्यानं ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक पाहिजेत, आणि होते पण, गुरुजी दिवाळीच्या आधी रिटायर झाले आणि त्यांची जागा आजपर्यंत भरली नाही. तेव्हापासून चार वर्ग, एक मॅडम. फेब्रुवारीत मी दाखल्याच्या कामाला शाळेत गेले होते तेव्हाचं चित्र डोळ्यापुढून जात नाही. फळ्याच्या मधोमध खडूची रेघ, डाव्या बाजूला चौथीचा भागाकार, उजवीकडं तिसरीचं शुद्धलेखन, पहिलीची पोरं खाली बाटल्यांची झाकणं मोजतायत, आणि मॅडम एका हातानं मोबाईलवर खिचडी खाल्लेल्या पोरांचा आकडा भरतायत कारण तो रोजच्या रोज जावा लागतो. दुसरीला "वाचत बसा" सांगितलं होतं. चिऊ पुस्तक उघडून खिडकीबाहेर बघत होती. मॅडम म्हणाल्या, ताई, माझी दुसरी माझ्याच्यानं होत नाहीये हो. त्यांचे डोळे भरले होते. अशा बाईला मी काय बोलू?

परवा मोबाईलवर 'असर'चा अहवाल वाचला, २०२४ चा, खेड्यातल्या पोरांना किती वाचता येतं ते बघणारा. देशभरातल्या खेड्यांतल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या पोरांपैकी दुसरीचा मजकूर वाचता येणारी २३.४ टक्के. चारात एक पण नाही. म्हणजे एकटी माझी चिऊ अडकलेली नाही, पण म्हणून मला बरं वाटलं असं अजिबात नाही.

आणि जि.प. म्हणलं की लोक नाक मुरडतात त्याचा मला फार राग येतो. ह्याच आमच्या सातारा जिल्ह्यात कुमठे बीटच्या, म्हणजे त्या गटातल्या, जि.प. शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक यायचे. सोलापूरकडच्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं ते जि.प. शाळेत शिकवूनच ना. शिकवायला माणूस असला आणि त्याला शिकवू दिलं की होतं. मी स्वतः असल्याच शाळेत शिकले, गुरुजी गावातच राहायचे, पाढे चुकले तर संध्याकाळी घरी यायचे. गेल्या वर्षी तर लोकसभा झाली, विधानसभा झाली, दोन्ही वेळी मॅडमला ड्युटी. कायद्यात मास्तरांना निवडणुकीचं काम द्यायला परवानगी आहे हे मला माहिताय, पण जिथं एकच बाई आहे तिथं ती गेली की शाळाच बंद, हा विचार ऑर्डर काढणाऱ्यानं करायला नको?

जाऊबाईंनी धाकट्या पोराला २०२४ ला २५ टक्क्यातून, म्हणजे खाजगी शाळेत गरिबांसाठी राखीव असलेल्या फुकटच्या जागांतून, भरायचं बघितलं होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारनं नियम काढला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खाजगी शाळेनं त्या जागा नाही दिल्या तरी चालतील. जुलैत हायकोर्टानं तो रद्द केला, पण तोवर जाऊबाईंनी पैसे भरून टाकले होते. पोरं जि.प.त टिकवायची असतील तर मास्तर द्या ना, गरिबाला दुसरीकडचं दार कशाला लावता?

पण एक गोष्ट मला स्वतःला पण टोचतेय. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. समितीत पाऊण आईबाप पाहिजेत, निम्म्या बायका पाहिजेत, असं कायदाच सांगतो, म्हणून माझं नाव घातलं. वर्षभरात रजिस्टर तीनदा घरी आलं, तिन्ही वेळा मी चुलीपाशी उभ्या उभ्या सही केली, आत काय लिहिलंय वाचलं नाही. गुरुजींची जागा रिकामी झाली तेव्हा आम्ही ठराव करून पंचायत समितीला पाठवायला पाहिजे होता. कुणीच केला नाही, मी पण नाही.

आणि आता नऊ पोरांचे दाखले चाललेत. ३८ ची २९ होणार. चिऊ गेली की २८. पट कमी झाला की दुसरी जागा मागायची कुठल्या तोंडानं, आणि जागा नाही भरली की राहिलेली पोरं पण जाणार. हे सगळं कळतं, पण पोरीचं तिसरीचं वर्ष परत येत नाही हे पण कळतं. शाळा वाचवायला मी माझीच पोरगी का पणाला लावू, असं सासूबाईंनी विचारलं असतं तर भांडले असते, पण हे मीच मला विचारतेय.

दुपारी अर्ज लिहून काढला. "प्रति, मा. गटशिक्षणाधिकारी, विषय: रिक्त शिक्षक पद तातडीने भरणेबाबत." संध्याकाळी घरोघर फिरले, ११ सह्या झाल्या, त्यातल्या चार त्या नऊ पोरांच्या आयांच्या. एक म्हणाली, दुसरे गुरुजी खरंच आले तर मी दाखला काढत नाही. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या पटाची कागदं मी सकाळी काढून देते.

चिऊ आज पाटीवर तीन वेळा 'स्वा' लिहून झोपली. दशक सुटा करायचं उद्या काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवणार आहे.

इंग्लिश मिडियमवाले बुधवारी परत येणार आहेत. आम्ही सहाजणी उद्या ११ ला पंचायत समितीत जातोय.