सगळा जीव मुठीत

खाली इजिप्तच्या ममींभोवती जत्रा भरली होती. ब्रिटिश म्युझियमच्या वरच्या मजल्यावर, 90 क्रमांकाच्या दालनाला लागून असलेल्या अभ्यासिकेत मात्र खाकरायचीही चोरी. वेळ आधीच ठरवून घेतली होती. ओळखपत्र दाखवलं, पेन ठेवून पेन्सिल काढली (शाईला तिथे मज्जाव), आणि पुठ्ठ्यावर चढवलेले जुने कागद समोर आले.

मी मागवल्या होत्या सुऱ्या. म्हणजे सुऱ्यांची चित्रं. फ्लॉरेन्सचा चित्रकार फ्रान्चेस्को साल्व्हियाती 1563 मध्ये वारला. त्याची डिझाइन्स वीस वर्षांनी, 1583 मध्ये, केरुबिनो अल्बेर्तीने तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली. पातं नावापुरतं, सगळा जीव मुठीत! मुखवटे, माणसांची वळलेली शरीरं, नक्षीत नक्षी. अशी मूठ धरून मांस कापायचं म्हटलं तर कुणाचं तरी नाक तळहातात रुतणार. विळीवर वाढलेल्या माणसाला हे जरा अतीच वाटतं. पण ही चित्रं बघून सोनारांनी आपल्याला झेपेल तेवढं उचलायचं, आणि शौकिनांनी नुसतं बघत बसायचं. मीही तासभर तेच केलं.

भिंग लावलं की कारागिराचा हात दिसतो. सावली गडद हवी तिथे रेघ फुगत जाते, उजेडाकडे केसासारखी बारीक होते. कोरणी तांब्यात जितकी खोल, तितकी शाई जास्त. शिवाय छाप उलटा उमटतो, म्हणजे पत्र्यावर डावं ते कागदावर उजवं.

दुसऱ्या खेपेला द ब्री या चित्रं कोरून छापणाऱ्या घराण्याच्या सुऱ्यांच्या मुठी आल्या. बाप थिओडोर मूळचा लिएजचा, सोनारकाम शिकलेला, प्रोटेस्टंट म्हणून गाव सोडून शेवटी फ्रँकफुर्टला स्थिरावलेला. त्यांच्या मुठी अल्बेर्तीच्या मानाने सडपातळ, वापरता येतील अशा. आणि इथे मी अडखळलो, कारण हे नाव माझ्या ओळखीचं होतं, पण सुऱ्यांमुळे नव्हे. लिन्शोटेन हा डच तरुण 1583 मध्ये गोव्यात उतरला, आर्चबिशपच्या पदरी पाच वर्षं राहिला. त्याच्या पुस्तकातली चित्रं थिओडोरच्या मुलांनी आपल्या प्रवासमालेसाठी नव्याने कोरली. त्यातला गोव्याचा बाजार मी कितीदा पाहिलाय! पालख्या, छत्र्या, लिलावाची गर्दी. कोरणाऱ्यांनी गोवा डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता, आणि युरोपातल्या कितीतरी घरांत गोवा पोचला तो त्यांच्या रेघांतून. सुरीच्या मुठी आणि मांडवीकाठचा बाजार, दोन्ही एकाच घरातले.

दुसऱ्या दिवशी साउथ केन्सिंग्टनला, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, खरीखुरी सुरी पाहिली. सोळाव्या शतकातली, इटलीची. हिच्या मुठीकडे माझं लक्षच गेलं नाही, कारण पात्यावर चक्क स्वरलिपी कोरलेली आहे. एका बाजूला जेवणाआधीची प्रार्थना, दुसऱ्या बाजूला जेवणानंतरचे आभार. आपण ताटावर बसून श्लोक म्हणायचो तसंच, फक्त पाठांतर नको, सुरी वाचायची. तेही एकट्याने जमत नाही. एका सुरीवर एकाच आवाजाचा सूर असतो. बाकीचे सूर शेजारच्या पाहुण्यांच्या हातात.

मला तिथे ती एकटीच दिसली.