रात्री १२ ते ४

रात्रीचे १ वाजून २० मिनिटं झालेत आणि झोप काही येत नाहीये, म्हणून लिहायला बसले. आज दुपारी पावणेबाराला, ऑफिस भरलेलं असताना, आम्ही पोर्टल एक मिनिट पण बंद न करता नवीन व्हर्जन प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक वापरतात त्या चालू सर्व्हरवर, टाकलं. पुण्यात प्रायव्हेट कंपनीत असलेल्या मैत्रिणींना सांगितलं तर त्या म्हणतील यात काय एवढं, आम्ही दिवसात दहा वेळा टाकतो. पण मला याच्यासाठी सात महिने लागले आणि त्यातलं प्रत्यक्ष सर्व्हरवरचं काम मोजलं तर पंधरा दिवस पण भरणार नाही, बाकीचा सगळा वेळ माणसांना समजावण्यात, फायलींमागं फिरण्यात आणि वाट बघण्यात गेला.

मी संभाजीनगरात एका सरकारी खात्याच्या पोर्टलवर डेव्हऑप्सचं काम करते, म्हणजे नवीन व्हर्जन सर्व्हरवर टाकायचं आणि ते चालू ठेवायचं. खात्याचं नाव लिहीत नाही. नोकरी एजन्सीमार्फत, ११ महिन्यांचा करार, दर वर्षी पुन्हा कागदं द्यायची. पोर्टलवर शेतकऱ्यांचे अनुदानाचे अर्ज भरले जातात, म्हणजे सातबारा, आठ अ, पासबुकची झेरॉक्स, मग ओटीपी, मग मंजुरी. मी आले तेव्हा नवीन व्हर्जन टाकायची पद्धत अशी होती की डेव्हलपर त्याच्याच लॅपटॉपवर वॉर फाईल (पोर्टलचा सगळा कोड एकत्र बांधलेली फाईल) बनवणार, झिप करून पाठवणार, मग रात्री टॉमकॅट, म्हणजे पोर्टल चालवणारा प्रोग्राम, बंद करायचा, जुनी फाईल बाजूला ठेवायची, नवीन टाकायची, पुन्हा चालू करायचा, आणि काही बिघडलं की जुनी फाईल शोधत बसायचं. त्यासाठी पोर्टलवर वरती लाल पट्टी लागायची, "देखभालीच्या कामासाठी पोर्टल रात्री १२ ते ४ बंद राहील, गैरसोयीबद्दल क्षमस्व." महिन्यातून तीन-चार वेळा तरी.

खरं सांगायचं तर मला पण त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. रात्री १२ ला कोण अर्ज भरतंय! मॉनिटरिंगच्या ग्राफवर रात्रीचं एक टेकाड दिसायचं, ११ च्या सुमाराला चढायचं आणि ३ च्या पुढं उतरायचं, मी समजत होते की बॉट असतील किंवा बॅकअपचा ट्रॅफिक असेल. उघडून बघितलंच नाही कधी. ते अजून मनाला लागून आहे.

डिसेंबरात गावी गेले होते, परभणीपर्यंत रेल्वेनं आणि पुढं गंगाखेडच्या एसटीनं. सप्टेंबरातल्या पावसात आमचं सोयाबीन पाण्यात गेलेलं, त्यामुळं घरात जरा शांतताच होती. दादांचा अर्ज भरायचा राहिला होता. दादा म्हणले, "तू तिथंच कामाला हायस ना, मंग तूच टाक की आपला." मी म्हणलं नाही दादा, सगळे जिथं भरतात तिथंच भरू. संध्याकाळी सेतूवर गेलो तर तिथले भाऊ म्हणले, "ताई, कागदं ठेवून जा, रात्री टाकतो." मी म्हणलं रात्री कामून? तर म्हणले, "दिवसा नुसतं गोल फिरतंय. माणूस समोर बसवून ठेवायचा, त्याची रोजी बुडवायची, आन शेवटी सर्व्हर डाऊन म्हणून परत लावायचं. रात्री पळतंय, म्हणून रात्री बसतो."

त्या आठवड्यात आमच्या फिडरला लाईट रात्रीची होती. दादा हरभऱ्याला पाणी द्यायला साडेअकराला निघाले तर मी पण त्यांच्यासोबत चौकापर्यंत गेले आणि सेतूत जाऊन बसले. शटर अर्धं खाली ओढलेलं, कानटोपी घालून भाऊ बसलेले, शेजारी थंबचं मशीन आणि रबर लावलेले कागदांचे गठ्ठे. प्रत्येक गठ्ठ्यावर लाल पेनानं मोबाईल नंबर लिहिलेला. आणि स्क्रीनवर ती लाल पट्टी, आमचीच. भाऊंनी ती वाचली, घड्याळाकडं बघितलं, आणि गठ्ठ्यांतून तीन वेगळे काढले. "आज बारालाच बंद होतंय वाटतं. एवढे तीन टाकतो, बाकी उद्या." चिडले नाहीत, कोणाला बोलले नाहीत, पाऊस आला म्हणून वाळवण आत घ्यावं तसे ते तीन गठ्ठे पुढं घेतले.

पहिला अर्ज भरला, कागदं चढवली, ओटीपी पाठवला आणि मग त्या शेतकऱ्याला फोन लावला. रात्री पावणेबाराला. ते काका पण पाण्यावरच होते, मागं मोटरचा आवाज येत होता. "काका, मेसेज आला का, नंबर सांगा." काकांनी बारा आकडी नंबर वाचून दाखवला. तो अर्जाचा नंबर होता. आमच्या मेसेजमध्ये आधी इंग्रजीत एक वाक्य, मग अर्जाचा नंबर, आणि सगळ्यात शेवटी ओटीपी. भाऊ म्हणले, "तो न्हाई काका, खाली सरका, सहा आकडी." काका म्हणले हातात फावडं आहे, थांबा जरा. मग त्यांनी सहा आकडे सांगितले, टाकले, तोवर ओटीपीची वेळ संपली होती. पुन्हा पाठवला, पुन्हा फोन. दुसरा अर्ज अर्ध्यात असताना बारा वाजले आणि पान पांढरं झालं.

त्या क्षणी तिकडं कोण बसलंय, कुठली फाईल काढून कुठली टाकली जातेय, हे सगळं मला माहीत होतं. चेंज रिक्वेस्ट, म्हणजे त्या बदलाच्या परवानगीचा अर्ज, मीच लिहिली होती. मी भाऊंना काही सांगू शकले नाही. दादांचा गठ्ठा बाकीच्यांत होता.

सोमवारी ऑफिसात आल्यावर पहिलं काम लॉग, म्हणजे पोर्टलवर कोण कधी आलं त्याच्या नोंदी, काढायचं केलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग ठेवावेच लागतात, ऑडिटच्या वेळी सोडलं तर आमच्याकडं ते कोणी उघडत नव्हतं. सहा महिन्यांचे लॉग लॉगिनच्या प्रकारानुसार वेगळे केले. ते टेकाड म्हणजे बॉट नव्हते आणि बॅकअप पण नव्हता, ते सगळे सेतूवाले होते. हिंगोली, बीड, धाराशिव, जालना, सगळीकडचे. ज्या रात्री लाल पट्टी लागली त्या रात्री १२ ला टेकाड कापल्यासारखं सपाट, आणि ४ ला पोर्टल चालू झाल्यावर लगेच चारपाच लॉगिन. म्हणजे कोणीतरी ४ वाजेपर्यंत जागं बसलं होतं, नाहीतर गजर लावून उठलं होतं.

साहेबांकडं गेले. साहेब माणूस चांगला आहे, आधीच सांगते, माझं ऐकून घेतलं म्हणून तर आजचा दिवस दिसला. पण तेव्हा ते म्हणले, "दिवसा पडलं तर वरून फोन येतो. रात्री पडलं तर सकाळपर्यंत होऊन जातं, कोणाला त्रास नाही." मी ग्राफचा प्रिंट त्यांच्यासमोर ठेवला. म्हणलं सर, त्रास आहे, पण ज्यांना त्रास आहे त्यांच्याकडं तुमचा नंबर नाही. ते बराच वेळ बघत बसले. मग म्हणले दिवसा कसं करणार ते सोपं करून सांग.

मी आदल्या दिवशी दादांना सांगितलं होतं तसंच सांगितलं. पाणी देताना आपण वाफा बदलायला मोटर बंद करतो का? नाही. भरलेल्या वाफ्याचं तोंड बांधतो, दुसऱ्याचं फोडतो, पाट चालूच असतो. आपल्याकडं दोन सर्व्हर आहेत आणि पुढं येणारे लोक त्यांच्यात वाटून देणारा लोड बॅलन्सर आहे. एकाकडं जाणारे नवीन लोक थांबवायचे, आत असलेल्यांचं काम पूर्ण होऊ द्यायचं, मग त्याच्यावर नवीन व्हर्जन टाकायचं, हेल्थ चेक (सर्व्हर नीट चालतोय का याची तपासणी) हिरवा आला की त्याला परत पाटात घ्यायचं आणि मग दुसरा. काही चुकलं तर जुनं व्हर्जन शेजारच्यावर चालूच आहे.

अवघड जागा डेटाबेसची होती, कारण थोडा वेळ जुनं आणि नवं व्हर्जन एकाच डेटाबेसवर चालणार. आमच्याकडं डेव्हलपर सरळ कॉलमचं नाव बदलून टाकायचे, मग जुना कोड तिथल्या तिथं मरायचा. आता नियम केला की बदल दोन टप्प्यांत करायचा, आधी नवीन कॉलम जोडायचा आणि जुना तसाच ठेवायचा, सगळं स्थिर झालं की पुढच्या रिलीजला जुना काढायचा. ऐकायला साधं आहे पण टीममधल्या सगळ्यांच्या हातात हे बसायला दोन महिने गेले, आणि एका मुलाशी माझं चांगलंच वाजलं, नंतर तोच सगळ्यात काटेकोर निघाला.

बाकीचं काय सांगू. जेनकिन्सची पाईपलाईन, म्हणजे नवीन व्हर्जन आपोआप बनवून टाकणारी साखळी, लावायला सर्व्हर हवा, सर्व्हरला टिपणी, पोर्ट उघडायला फॉर्म, फॉर्मवर सही करणारे रजेवर. एवढा बदल केला म्हणून सिक्युरिटी ऑडिट पुन्हा, पोर्टल सर्व्हरवर ठेवायला सुरक्षित आहे असं सांगणारं सेफ टू होस्टचं सर्टिफिकेट पुन्हा. मला ऑडिटचा राग येत नाही, त्या पोर्टलमध्ये लोकांचे आधार नंबर आणि बँक खाती आहेत, तिथं घाई चालणारच नाही. राग येतो तो दोन सह्यांच्या मधल्या रिकाम्या दिवसांचा.

एसएसएलचा, म्हणजे वेबसाईट सुरक्षित असल्याच्या सर्टिफिकेटचा, मुद्दा मात्र मला उलट कामी आला. मागं एकदा सर्टिफिकेटची मुदत रविवारी संपली होती, नूतनीकरणाची फाईल टेबलावरच, आणि दोन दिवस पोर्टल उघडलं की "सुरक्षित नाही" असं यायचं. लोक घाबरून अर्जच भरेनात. आता तर नियमच बदललाय, १५ मार्च २०२६ पासून सर्टिफिकेट जास्तीत जास्त २०० दिवसांचं, १५ मार्च २०२७ पासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवसांचं. साहेबांना म्हणलं सर, आपली फाईल फिरायलाच दीड महिना लागतो, म्हणजे एक फाईल परत यायच्या आत दुसरीची वेळ झालेली असेल. ऑटोमेशनशिवाय गत्यंतर नाही. त्यांनी त्याच टिपणीत माझं डिप्लॉयमेंटचं पण घेतलं आणि सही केली.

आणि तो ओटीपीचा मेसेज. हे कोणी मला सांगितलेलं काम नव्हतं, डेव्हऑप्सच्या कामात तर बसतच नाही, पण काकांचा तो आवाज डोक्यातून जात नव्हता. मेसेज मराठीत हवा आणि ओटीपी सगळ्यात पहिला हवा, एवढंच. तर मराठी मेसेज युनिकोडमध्ये जातो, इंग्रजीला १६० अक्षरं मिळतात तिथं मराठीला ७०, आणि त्यात काना-मात्रा पण वेगळ्या मोजल्या जातात. ७० च्या वर गेलं की एका मेसेजचे दोन होतात आणि बिल पण दोनाचं. मी आणि शेजारच्या टेबलावरच्या मॅडम दोन दिवस वाक्य कापत बसलो. "आपला", "कृपया", "सदर" सगळं काढलं. शेवटी राहिलं ते असं, "४८२९१३ हा तुमच्या अर्जाचा ओटीपी. सेतू केंद्रातच सांगा." आकडे इथं मी उगाच टाकलेत. अर्जाचा नंबर पूर्णच काढला, तो तिथं कोणाला लागतच नव्हता. मग डीएलटीवर, म्हणजे असे मेसेज आधी नोंदवावे लागतात त्या मोबाईल कंपन्यांच्या यंत्रणेवर, टेम्प्लेट (मेसेजचा मसुदा) पुन्हा मंजूर करून घ्यायचं, ते दोनदा परत आलं, तिसऱ्यांदा झालं.

आज पावणेबाराला बटन मी दाबलं. साहेब मागं उभे होते, बसा म्हणलं तरी बसले नाहीत. पहिला सर्व्हर बाजूला झाला, त्याच्यावरची शेवटची माणसं निघायला वेळ लागला, एक जण कागद चढवत होता, त्याचं होईपर्यंत आम्ही सगळे त्या एका आकड्याकडं बघत उभे. एक, एक, एक, मग शून्य. नवीन व्हर्जन, हेल्थ चेक लाल, लाल, हिरवा. माझ्या हाताला घाम आला होता. दुसरा पण झाला. एररचा ग्राफ जमिनीला चिकटलेला. सगळं मिळून २३ मिनिटं.

मी बाहेर गॅलरीत जाऊन गावच्या सेतूत फोन लावला. म्हणलं भाऊ, आत्ता अर्ध्या तासात पोर्टलला काही झालं का? "न्हाई तर, कामून हो ताई?" म्हणलं काही नाही, सहज. ते म्हणले, "चालूय, पण दिवसाचं तसंच गोल फिरायलंय बगा. दोन अर्ज झाले सकाळपासून."

म्हणजे लाल पट्टी गेली, पण रात्री बसायचं कारण गेलेलं नाही. खरा आजार दिवसाचा आहे. संध्याकाळपासून स्लो क्वेरीचे लॉग बघतेय. गावांची यादी ज्या क्वेरीनं येते तिला इंडेक्सच (पुस्तकाच्या सूचीसारखी सोय) नाहीये, दर वेळी सगळं टेबल चाळून येते. आणि दुसरं म्हणजे मोबाईलवर काढलेले पासबुकचे फोटो आहेत तेवढ्याच साईझचे त्याच दोन सर्व्हरवरून जातात, ते ब्राऊझरमध्येच लहान करून पाठवता येतील. इंडेक्सचं उद्या स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, करून बघते. फोटोचं डेव्हलपरकडं मागावं लागेल, त्याला टिपणी लागेलच.

ग्राफ शेजारच्या खिडकीत उघडाच ठेवलाय. टेकाड चढलेलं आहे. परभणी जिल्ह्याचं फिल्टर लावलं तर आत्ता या घडीला ६ सेतू लॉगिन आहेत, गंगाखेड तालुक्यातलं १.