ओपन मॉलमध्ये व्हीलचेअरवरून एक दिवस : दुकानं सोपी, मधला रस्ता अवघड

परवा मी आणि माझी भाची एका मोठ्या ओपन मॉलला जाऊन आलो. ओपन म्हणजे एक बंद बिल्डिंग नाही, मोकळ्या आवारात दुकानांच्या रांगा, मधे चौक, कारंजं, झाडं, दोन मजले आणि वरून एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जायला पूल. मी हातानं चालवायची साधी व्हीलचेअर वापरते, अकरा वर्षं झाली, आणि लागेल तिथं भाची मागून ढकलते. जायच्या आधी मी खूप शोधलं तर सगळीकडे "व्हीलचेअर फ्रेंडली" एवढंच लिहिलेलं, आणि तेवढ्या भरवशावर आपल्याला घराबाहेर पडता येत नाही, म्हणून जे बघितलं ते सगळं सविस्तर लिहितेय.

आधी फोनचं सांगते कारण ती चूक मी स्वतः केली. मी विचारलं "व्हीलचेअर येते का?" आणि उत्तर आलं "हो मॅडम, सगळीकडे येते". असं विचारलं की उत्तर कायम होच येतं. विचारायचं असं की पार्किंगपासून टॉयलेटपर्यंत एकही पायरी न चढता जाता येतं का, बाजूचं गेट उघडं असतं की कुलूप लावलेलं, लावलेलं असेल तर किल्ली कोणाकडे असते. आम्ही पोचलो तर मुख्य गेटवर गाड्या आत जाऊ नयेत म्हणून खांब रोवलेले, दोन खांबांमधून माणूस आरामात जाईल पण खुर्ची नाही जात, बाजूचं रुंद गेट कुलूपबंद, आणि किल्लीवाला जेवायला गेलेला. उन्हात वीस मिनिटं थांबलो. गार्ड बिचारा चांगला होता, स्वतःची छत्री आणून धरली माझ्यावर, पण किल्ली त्याच्याकडे असती तर छत्री लागलीच नसती.

आत गेल्यावर खरा मुद्दा लक्षात आला. बंद मॉलमध्ये एकदा आत शिरलं की जमीन एकसारखी, सपाट. ओपन मॉलमध्ये पावसाचं पाणी वाहून जायला हवं म्हणून जमिनीला मुद्दाम उतार दिलेला असतो, चालणाऱ्याला तो कळतही नाही. पण उतार आडवा असला की खुर्ची सारखी खालच्या बाजूला ओढली जाते, मग एका हातानं ढकलायचं आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवायचं, पन्नास मीटरमध्ये खांदा बोलायला लागतो. आडवा उतार साधारण ५० ला १, म्हणजे पन्नास फुटांत एक फूट, यापेक्षा जास्त नसावा असा नियम बऱ्याच ठिकाणी धरतात आणि तो नुसता कागदावरचा आकडा नाही, खांद्याला विचारा. कंटाळा आला की तिरकं जाऊ नका, मधला भाग बहुतेक वेळा जास्त सपाट असतो, तिथून जा.

रॅम्पचं गणित सोपं आहे, १२ ला १, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांब रॅम्प. फोनमध्ये लेव्हल दाखवणारं ॲप असतं, फोन रॅम्पवर ठेवायचा आणि आकडा ५ अंशांच्या आत आला की समजायचं ठीक आहे. भाची पुढे पळत जाऊन प्रत्येक रॅम्प मोजून यायची, "मावशी थांब, मी बघून येते", आणि मग हातानं खूण करायची. चार रॅम्प छान निघाले. पाचवा ९ अंशांचा, तोही नेमका चौकातून खायच्या जागेकडे जाणारा, आणि वरती वळायला जी सपाट जागा लागते तिथं जाहिरातीचा बोर्ड उभा केलेला. आम्ही बोर्ड हलवून घेतला आणि उतरताना उलटं उतरलो, म्हणजे माझी पाठ उताराकडे आणि भाची माझ्या मागे, खालच्या बाजूला. उतार जास्त असेल तर सोबतच्या माणसानं असंच उतरवायचं, सरळ तोंड करून उतरवलं तर माणूस खुर्चीतून पुढे घसरू शकतो. आणि ढकलणाऱ्यानं खुर्ची उचलायची वेळ आलीच तर फ्रेमला धरा, हाताचे आणि पायाचे जे भाग निघतात त्यांना धरून उचलू नका, ते हातात येतात. हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते आणि तरी प्रत्येक वेळी कोणीतरी मदतीला धावतं आणि पायपट्टीच धरतं.

आता जाळी. कारंज्याजवळ पाणी जायला जमिनीत लांब लोखंडी जाळी होती, तिच्या फटी नेमक्या आपण जातो त्याच दिशेनं. माझं पुढचं डावं छोटं चाक फटीत गेलं आणि खुर्ची जागच्या जागी थांबली, मी मात्र थांबले नाही, कमरेचा पट्टा होता म्हणून वाचले. भाची घाबरून पुढे ढकलायला लागली, तिला म्हटलं थांब, ढकलू नकोस, ढकललं की चाक अजून रुततं. तिनं मागचं हँडल खाली दाबलं, पुढची चाकं वर आली, मग दोन पावलं मागे घेतलं. रबरावर काळी रेघ उमटलीय, अजून दिसते. जाळीच्या फटी आडव्या हव्यात आणि अर्ध्या इंचापेक्षा रुंद नकोत, बास. बसवताना ती नव्वद अंशात फिरवून बसवली असती तर एक पैसा जास्त लागला नसता. तुमच्या वाटेत अशी जाळी आली तर तिरकी ओलांडा, किंवा पुढची चाकं उचलून मागच्या मोठ्या चाकांवर पार करा.

पिवळ्या उठावाच्या फरशा असतात ना, अंध लोकांना वाट कळावी म्हणून, त्यांच्यावर खुर्ची खडखडते. पण त्या हव्याच, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांच्यावरून लांब जात बसू नका, सरळ काटकोनात ओलांडा. चौकात कृत्रिम गवत घातलंय, दिसायला छान आहे पण चाकं त्यात चिखलात गेल्यासारखी जड होतात, तिथं मी गेलेच नाही. लाकडी फळ्यांच्या जमिनीचा भाग मात्र चालला, फटी बारीक होत्या.

लिफ्ट मागच्या बाजूला, माल आणायच्या कॉरिडॉरमध्ये, पाटी एकच आणि तीही उंचावर. पहिल्या मजल्यावरचा पूल मस्त आहे, सपाट आणि रुंद, म्हणून माझा सल्ला असा की एकदा वर गेलात की वरच्या दोन्ही रांगा संपवूनच खाली या, लिफ्टसाठी पुन्हा पुन्हा फेरे घालू नका. लिफ्टच्या मागच्या भिंतीला आरसा असतो तो आपल्यासाठी फार कामाचा आहे, आत वळायला जागा नसेल तर त्यात बघत बघत मागे मागे बाहेर येता येतं. आमच्या वेळी त्या आरशासमोर स्टँडी, म्हणजे जाहिरातीचा उभा फलक, ठेवलेली. काढायला सांगितली, काढली.

टॉयलेटवर जरा थांबते कारण दिवस कसा जाणार ते तिथंच ठरतं. पाणी कमी प्यायचं आणि दिवस ढकलायचा असं आपल्यातले खूप जण करतात, मीही वर्षानुवर्षं केलंय आणि त्याचा त्रास भोगलाय, कृपा करून करू नका. दारावर ते निळं व्हीलचेअरचं चिन्ह होतं, जे १९६८ साली डेन्मार्कच्या सुझान केफोएड या डिझाइनच्या विद्यार्थिनीनं काढलं आणि आज जगभर ओळखलं जातं. दार उघडलं तर आत फिनाइलचे कॅन, पुसायच्या बादल्या आणि खोक्यांची चळत. खुर्ची गोल फिरायला साधारण पाच फूट मोकळी जागा लागते, ती होती, खोक्यांनी भरलेली. सफाईच्या ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आम्हाला दुसरी खोलीच दिलेली नाही हो", आणि त्यांचंही खरंच आहे, म्हणून मी त्यांच्यावर चिडले नाही, मॅनेजरला बोलवून दाखवलं. दहा मिनिटांत खोकी बाहेर गेली. भिंतीचे दांडे पक्के होते, सीटच्या बाजूला खुर्ची लावायला जागा नीट होती, पण मदत बोलवायला ओढायची लाल दोरी वर गाठ मारून ठेवलेली. ती जमिनीपर्यंत लोंबायला हवी, कारण पडलेला माणूस जमिनीवर असतो. आम्ही सोडली. तुम्ही गेलात की आधी दोरी बघा.

दुकानांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, बहुतेकांची दारं रुंद आणि उंबरे जवळजवळ नाहीतच. ट्रायल रूममध्ये बसायला बाक असलेली एकच सापडली. खायच्या जागेत उंच टेबलं जास्त, कोपऱ्यात बुटकी तीन-चार आहेत पण एकाचा पाय बरोबर मधे, गुडघे आत जात नाहीत, दोन बाजूंना पाय असलेलं बघून बसा.

निघायच्या आदल्या दिवशी टायरमध्ये हवा भरा. हवा कमी असली की खुर्ची जड चालते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ब्रेकही टायरवरच दाबला जातो, तेव्हा हवा कमी म्हणजे ब्रेक ढिला, आणि उतारावर ते महागात पडेल. हातमोजे घ्याच, उन्हात चाकांची धातूची रिम चटका लागेल इतकी तापते आणि पाऊस आला तर हातातून सटकते. बसल्या बसल्या दर अर्ध्या तासानं अंग उचलून भार बदलत राहा, खरेदीच्या नादात राहून जातं. माझं त्या दिवशी दोन तास राहिलं आणि रात्री पाठीखाली दाबानं कातडी लाल झालेली दिसली, पुढचे दोन दिवस झोपून काढले.

पार्किंगमध्ये राखीव जागेच्या शेजारी पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांची मोकळी जागा असते, ती गाडीचं दार पूर्ण उघडून खुर्ची बाजूला लावायला असते. आम्ही परत आलो तर तिथं दोन स्कूटर. मालक सापडेपर्यंत भाचीनं गाडी मागे घेऊन रस्त्यावर उभी केली आणि मी तिथंच, गाड्या जात असताना, आत बसले. तेव्हा पोचल्या पोचल्या पार्किंगच्या माणसाला ती जागा बोटानं दाखवून सांगा की आम्ही परत येईपर्यंत इथं काही लावू देऊ नका, आणि त्याचा नंबर घेऊन ठेवा.