३०६० की ४०६०: मेमरी भरेपर्यंत एक उत्तर, भरल्यावर दुसरं

एनव्हिडियाची ही दोन्ही ग्राफिक्स कार्डं आता एकाच मशीनमध्ये आलटून-पालटून लावून झाली. एक फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०६०, बारा जीबीवालं. दुसरं जून २०२३ चं आरटीएक्स ४०६०, आठ जीबीवालं. प्रोसेसर, रॅम, ड्रायव्हरची आवृत्ती, सगळं तेच ठेवलंय. कार्ड बदललं की डीडीयू (जुना ड्रायव्हर मुळापासून पुसणारं साधन) चालवून ड्रायव्हर नव्याने टाकायचा आणि गेमच्या सेटिंगच्या फाइलींना हात लावायचा नाही, एवढी शिस्त पाळली. नोंदी केपफ्रेमएक्स या फ्रेम मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर घेतल्या.

आधी कागदावरचा हिशोब. ३०६० मध्ये ३५८४ कुडा कोअर (हिशोब करणारे छोटे घटक), ४०६० मध्ये ३०७२. आकडा बघून जुनं कार्ड दांडगं वाटतं, पण बूस्ट क्लॉक १७७७ मेगाहर्ट्झ विरुद्ध २४६०. कोअर गुणिले दोन गुणिले क्लॉक केलं की १२.७ आणि १५.१ टेराफ्लॉप्स (सेकंदाला तितके लाख कोटी हिशोब) मिळतात, म्हणजे नवं कार्ड पुढे. हा सगळा खेळ सॅमसंगच्या ८ नॅनोमीटरवरून टीएसएमसीच्या ४एन प्रोसेसवर गेल्याचा. वीजही १७० वॉटवरून ११५ वर आली. (२०६० च्या १९२० कोअरशी हे आकडे थेट ताडून पाहू नका. अँपिअरपासून, म्हणजे ३०६० च्या पिढीपासून, कोअर मोजायची पद्धतच बदलली, त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो.)

खरी गंमत मेमरीत आहे. जीडीडीआर६ ची प्रत्येक चिप ३२ बिटांची वाट अडवते. ३०६० चा बस, म्हणजे मेमरीकडे जाणारी एकूण वाट, १९२ बिटांचा, म्हणजे सहा चिपा. १ जीबीच्या लावल्या तर ६ जीबी, २ जीबीच्या लावल्या तर १२. मधला पर्यायच नव्हता, आणि म्हणून वरच्या वर्गातल्या ३०७० ला ८ जीबी आणि याला १२ असा उलटा प्रकार झाला. ४०६० चा बस १२८ बिटांचा: चार चिपा, ८ जीबी, विषय संपला. जास्त हवी तर बोर्डाच्या मागच्या बाजूलाही चिपा बसवाव्या लागतात. ४०६० टीआयच्या १६ जीबीवाल्या मॉडेलमध्ये तेच केलंय.

बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून डेटा वाहण्याचा वेग, तीही त्याच हिशोबाने पडते: ३६० जीबी प्रतिसेकंद विरुद्ध २७२. नवं कार्ड यात चक्क मागे आहे. ती कसर एल२ कॅशने (मुख्य चिपमधली छोटी, वेगवान मेमरी) भरून काढलीय, ३ एमबीवरून थेट २४ एमबी. लागणारा डेटा चिपमध्येच सापडला तर मेमरीकडे जायची वेळच येत नाही. १०८०पी वर ही युक्ती झकास चालते. रिझोल्यूशन वाढवलं की कॅशमध्ये मावणारा हिस्सा कमी होतो आणि ४०६० ची आघाडी आक्रसते. १४४०पी वर मला हे स्पष्ट दिसलं.

आता गेम. १०८०पी, हाय सेटिंग, अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणं) बंद: ४०६० ठळकपणे पुढे. अंदाजे पाचवा हिस्सा जास्त फ्रेम धरा, कुठे त्याहून कमी. पण सरासरी एफपीएसवर (सेकंदाला किती फ्रेम) माझा फारसा भरवसा नाही, मी १% लो (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग) आणि फ्रेमटाइमची (प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ) रेघ बघतो. सायबरपंक या गेमचा बिल्ट-इन बेंचमार्क काही क्षणांत संपतो, तेवढ्यात मेमरी धड भरतही नाही. तिथे ४०६० चा आलेख सपाट आणि देखणा. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा खराखुरा हिशोब) लावून गेममधल्या शहरात निवांत भटका, मग मेमरी भरते आणि रेघेला काटे फुटायला लागतात. त्याच सेटिंगवर ३०६० मुळातच संथ, पण रेघ गुळगुळीत.

आणखी एक गोष्ट आलेखात दिसतच नाही. काही गेम मेमरी कमी पडली की अडखळत नाहीत, गुपचूप हलक्या दर्जाचं टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेलं चित्र) दाखवतात. एफपीएस उत्तम, आणि समोरची भिंत मात्र धुरकट. म्हणून मी आता एकाच जागेचे स्क्रीनशॉट दोन्ही कार्डांवर घेऊन शेजारी-शेजारी ठेवतो. नुसते आकडे टाकणाऱ्या तुलना मला म्हणूनच अपुऱ्या वाटतात.

फ्रेम जनरेशन (दोन फ्रेमच्या मध्ये कार्डाने स्वतः बनवलेली जादा फ्रेम) हा ४०६० चा हुकमी पत्ता, एनव्हिडियाचं ते ३०६० वर चालत नाही. मात्र ते स्वतःच मेमरी खातं. ८ जीबी आधीच काठोकाठ असेल तर त्याचा फायदा तिथेच विरतो. डीएलएसएस या एनव्हिडियाच्या तंत्राचं अपस्केलिंग दोन्हींवर चालतं, तिथे तक्रार नाही.

आता थ्रीडी काम: ब्लेंडरमध्ये सायकल्स हे रेंडर इंजिन, एनव्हिडियाच्या ऑप्टिक्सवर. सीन मेमरीत मावला तर ४०६० निर्विवाद वेगवान. मोठी टेक्स्चर आणि दाट झाडी घातली की डेटा सिस्टिम रॅमकडे सांडतो आणि निकाल उलटतो. त्यात ४०६० ला पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड जोडणारा मार्ग) आठच लेन. ४.० च्या स्लॉटमध्ये सुमारे १६ जीबी प्रतिसेकंद मिळतात, जुन्या ३.० बोर्डावर त्याच्या निम्मे. ३०६० ला सोळा लेन आहेत. जुन्या मशीनमध्ये कार्ड टाकणाऱ्यांनी हे आधी बघावं.

घरच्या मशीनवर भाषेची मॉडेल्स चालवणाऱ्यांसाठी तर प्रश्नच उरत नाही. टोकन (शब्द किंवा शब्दाचा तुकडा) काढताना दर टोकनला जवळपास सगळं मॉडेल मेमरीतून वाचावं लागतं, त्यामुळे वेग बँडविड्थ ठरवते. ५ जीबीचं मॉडेल असेल तर ३०६० ची सैद्धांतिक कमाल मर्यादा सेकंदाला ७२ टोकन, ४०६० ची ५४. चार बिटांत दाबलेलं १३ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल कॉन्टेक्स्टसकट (आधीच्या संभाषणाचा मजकूर) १२ जीबीत बसतं, ८ मध्ये नाही. टेराफ्लॉप्स इथे काही कामाचे नाहीत.

सेकंडहँड ३०६० शोधत असाल तर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बसची रुंदी तपासा. त्याच नावाने ८ जीबीचं, १२८ बिटांचं मॉडेलही निघालं होतं, बँडविड्थ २४० जीबी प्रतिसेकंद. ते घेण्यात अर्थ नाही, ४०६० ने त्याला सगळीकडेच मागे टाकलंय.

सध्या ३०६० अंडरव्होल्ट करून, म्हणजे कमी व्होल्टेजवर, मशीनमध्ये आहे: आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरच्या व्होल्टेज-क्लॉक कर्व्हमध्ये ९०० मिलिव्होल्टला १८०० मेगाहर्ट्झ. पंख्याचा आवाज बराच उतरला, फ्रेममध्ये फरक जाणवत नाही. ४०६० ला याची गरजच भासली नाही. पुढे एव्ही१ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) एन्कोडिंग बघायचंय, ते हार्डवेअर फक्त ४०६० मध्ये आहे. त्यानंतर बोर्डाच्या बायोसमध्ये स्लॉट पीसीआयई ३.० वर बांधून सगळ्या चाचण्या पुन्हा. कोणाकडे खरंच ३.० चा बोर्ड आणि ४०६० असेल तर फ्रेमटाइमचे आलेख टाका, ताडून बघू.