सनद नको होती, कायदा हवा होता

नोकरीत करार तपासायचं काम अंगावर आलं आणि कायदा नीट शिकायचं ठरवलं. नोकरी सोडणं शक्य नव्हतं, म्हणून ऑनलाइन पदवी.

अभ्यासक्रम बघायच्या आधी मान्यता बघितली, आणि तेच करावं. भारतात यूजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार कायद्याची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देता येत नाही. अशा एलएलबीवर वकिलीची सनदही मिळत नाही. कॅलिफोर्नियात मात्र ऑनलाइन शिकून बारच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, परीक्षेपर्यंत पोचता येतं. लंडन विद्यापीठ तर १८५८ पासून दूरच्या विद्यार्थ्यांना पदव्या देत आलंय. म्हणजे एकाच प्रमाणपत्राची किंमत देश बदलला की बदलते. ‘आमची पदवी मान्यताप्राप्त आहे’ असं प्रवेश विभाग सांगतोच. कशासाठी मान्यताप्राप्त, ते वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांत शोधावं लागतं. मला कोर्टात उभं राहायचं नव्हतं. म्हणून कायद्याची पहिली पदवी नसलेल्यांनाही घेणारा, व्यापारी कायद्याचा परदेशी मास्टर्स निवडला.

रेकॉर्ड केलेली व्याख्यानं ऐकणं सोपं असतं, पण त्यातून फारसं काही हाती लागत नाही. कायदा कळतो तो मूळ निकाल वाचून. डोनोघ्यू विरुद्ध स्टीव्हन्सन (१९३२) घ्या. जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाली म्हणून दावा. पण बाटली मैत्रिणीने विकत घेतलेली, म्हणजे पिणारीचा कुणाशीच करार नाही. तरी उत्पादकाची जबाबदारी का, हे न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांच्या शब्दांत वाचताना पहिल्यांदा मजा आली. (बाटलीत गोगलगाय खरंच होती का, हे शेवटपर्यंत सिद्ध झालंच नाही. प्रकरण तडजोडीत मिटलं.)

खरी कसोटी प्रॉब्लेम क्वेश्चनची. एक गोष्ट देतात आणि विचारतात, कोणाला काय सल्ला द्याल? मुद्दा, नियम, तो नियम या घटनेला कसा लागतो, मग निष्कर्ष. माहिती ओतून गुण मिळत नाहीत; तिसऱ्या पायरीवरच सगळं अडतं. ट्यूटरच्या शेऱ्यांमध्ये ‘लागू करून दाखवा’ इतक्या वेळा यायचं की उत्तर पाठवण्याआधी मीच ते समासात लिहून ठेवू लागलो. तळटिपांत संदर्भ देण्याची ऑस्कोला पद्धत मात्र निव्वळ कटकट. ती आठवड्याभरात हाताला बसते.

परीक्षा पुस्तकं समोर ठेवून होती. ऐकायला छान वाटतं, पण शोधत बसलात तर वेळ संपतो. मी प्रत्येक विषयाची निकालांची दोन पानी यादी केली, एका निकालाला एक ओळ. बाकी नोट्स उघडायची वेळ फारशी आली नाही.

रात्री उशिरा वाचताना कंटाळा यायचा तेव्हा मंडेला आठवायचे. कैदेत असताना पत्राद्वारे शिकून त्यांनी १९८९ मध्ये दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची एलएलबी मिळवली. माझ्याकडे निदान वायफाय होतं.

आता प्रबंध तेवढा बाकी आहे. विषय: करार पाळणंच अशक्य झालं तर काय? सुरुवात टेलर विरुद्ध काल्डवेल (१८६३) पासून, म्हणजे कार्यक्रमासाठी भाड्याने घेतलेलं सभागृह आधीच जळालं ते प्रकरण. तिथून भारतीय करार कायद्याच्या कलम ५६ पर्यंत यायचं आहे.