पुढचं स्प्रॉकेट कोणी बघतच नाही

जुन्या स्प्लेंडरची चेन दोन दातेरी चाकांवर, म्हणजे स्प्रॉकेटवर, फिरते : पुढचं इंजिनाकडे, मागचं मागच्या चाकाला. ही चेन पत्र्याच्या केसमध्ये बंद असते. चिखल उडत नाही, पँट अडकत नाही आणि आत काय चाललंय ते मालकालाही दिसत नाही. कळतं ते कानाने. माझी गाडी २०११ मध्ये कंपनीचं नाव बदललं त्याच्या आधीची, टाकीवर अजून ‘हिरो होंडा’च आहे. पावसाळ्यानंतर पहिल्यात क्लच सोडला की ‘खट्’ व्हायला लागलं, आणि स्पीडब्रेकरवर चेन केसला आतून घासायची.

भांडुपला आमच्या नाक्यावरच्या गॅरेजवाल्या काकांनी खालचं रबरी बूच काढलं, बोट घातलं आणि निकाल दिला, “ढिली झालीय. दोन लिंक काढतो, वर्षभर बघायला नको. नवीनच पाहिजे तर नुसती चेन टाकू, मागचं स्प्रॉकेट दणकट आहे.”

“आणि पुढचं, काका?”

“त्याला काय होतंय?”

मी लिफ्टचा मेकॅनिक. आमच्याकडे एक दोर खराब झाला तरी अख्खा संच बदलतात, आणि ज्या पुलीवरून दोर जातात तिची खोबण झिजली असेल तर आधी ती. नाहीतर नवा दोर जुन्या खोबणीत खराब होतो. चेनचं गणित हेच आहे. शेवटी म्हटलं, रविवारी घरीच उघडू.

गिअर पेडल आणि डावं कव्हर काढलं. आत वर्षानुवर्षांचं काळं मेण. रॉकेलने धुतल्यावर पुढचं स्प्रॉकेट दिसलं, दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झालेले. मागचं खरंच बऱ्यापैकी होतं. नवल नाही. मागचं एकदा फिरतं तेव्हा पुढचं जवळजवळ तीनदा फिरतं, दातही कमी, म्हणजे एकेका दातावर तिप्पट काम. आणि झाकलेलं तेच.

चेन ‘ताणली’ म्हणतात तेव्हा लोखंड ताणलेलं नसतं. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीची नळी (बुश) थोडी थोडी झिजते आणि ती झीज लांबीत दिसते. ४२८ नंबरच्या चेनची एक लिंक १२.७ मिमी, म्हणजे २० लिंका २५४ मिमी. काढलेली चेन ताणून टेप लावला तर २५९ च्याही पुढे. दोन टक्के वाढली की चेन गेली असं धरतात. दोन लिंक काढून लांबी कमी होते, पण उरलेल्या लिंकांमधलं अंतर वाढलेलंच राहतं. ती दातांत नीट बसणार कशी?

मुंबईत चेनचे हालही जास्त. सी लिंकवर दुचाकीला बंदी, कोस्टल रोडवर बंदी. मोकळा रस्ता म्हणून जो आहे तो आपल्यासाठी नाहीच. उरला एलबीएस मार्ग : पहिला, दुसरा, ब्रेक, परत पहिला. प्रत्येक सुटण्याला चेनला एक हिसका. पोरं केस काढून ‘स्पोर्टी लूक’ करतात, त्यांनी जुलैत कुर्ल्यातून रोज जाऊन दाखवावं.

सेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणला : चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट. दात काउंटरवरच मोजले. दुकानदार म्हणाला, पुढे एक दात जास्तीचं घ्या, अॅव्हरेज वाढेल. हायवेला ठीक असेल, पण आमच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरची ओढ कमी करून काय मिळवायचं?

कामात क्रम महत्त्वाचा. पुढच्या स्प्रॉकेटच्या प्लेटचे दोन बोल्ट जुनी चेन चढलेली असतानाच, मागचा ब्रेक दाबून सैल करायचे. चेन काढली की स्प्रॉकेट हातात फिरत राहतं. मागचं चाक बाहेर आलंच आहे तर हबमधले धक्का झेलणारे रबर बघून घ्या. माझे चेपून पातळ झाले होते, त्या ‘खट्’मध्ये त्यांचाही वाटा होता. जोडताना चेनची दोन्ही टोकं मागच्या दातांवर धरली की टोकं जोडणारी जॉइंट लिंक आरामात बसते. तिच्या क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला. उलटं बसलं तर क्लिप निघून जाऊ शकते.

चेनची ढील, म्हणजे ती वर-खाली किती हलते ते, अडीच-तीन सेंटिमीटर, पण चाक फिरवून जिथे चेन सगळ्यात टाइट लागते तिथे मोजलेली. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात : नव्या चेनने चाक पुढे सरकतं, त्यामुळे मागचा ब्रेक ढिला पडतो. रॉडचा नट आवळून, ब्रेकलाइट लागतोय ना ते बघूनच गाडी बाहेर काढायची. नंतर काहीशे किलोमीटरवर ढील पुन्हा तपासायची, कारण नवी चेन बसायला थोडा वेळ घेते. ऑइल म्हणाल तर नव्वद नंबरचं गिअर ऑइल. इंजिनातलं काढलेलं काळं तेल चेनला लावायची पद्धत मला पटत नाही, त्यात आधीच कचरा असतो.

दुपारी पार्किंगमधल्या लाद्या रॉकेलने पुसत होतो, तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन थांबल्या. मला वाटलं, डागांवरून बोलणार.

“अरे, माझ्या अॅक्टिव्हाची पण चेन बघशील का? फार आवाज करते.”

“काकू, तिला चेन नसते. आत पट्टा असतो.”

“मग पट्टा बघ.”